अनुभव धागा: एमटेक-पीएचडीच्या मुलांना लिहितं-बोलतं करताना

मंडळी, मी सिव्हिलला शिकवते, एमटेकच्या मुलांना गाईड करते. धागा काढायचं कारण म्हणजे या वर्षी परत तेच झालं. मुलाचं काम एकदम चोख, वर्षभर क्युरिंग टँकपाशी (काँक्रीट पाण्यात मुरवायची टाकी) पडीक होता, काँक्रीटच्या 150 मिमीच्या क्यूबवर मार्करने तारखा घालून 7, 28, 90 दिवसांनी ताकद तपासायला फोडत होता, आणि ॲबस्ट्रॅक्ट (कामाचा सारांश) काय आणला तर 'नाऊ अ डेज पोल्यूशन इज अ बिग प्रॉब्लेम'. आठ ओळी झाल्या तरी याने काय शोधलं ते येतच नाही. मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, घरी आई म्हणाली वर्षभर काय केलंस रे, तर काय सांगशील? जरा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, सिमेंटच्या जागी निम्मी फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख, घातली की ताकद उशिरा येते, पण 90 दिवसांपर्यंत बरीचशी भरून निघते. 28 दिवसांवरच निकाल लावला तर चांगलं मिक्स उगाच नापास होतं." अरे, मग हेच लिही ना! हे वाक्य अख्ख्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये कुठेच नव्हतं.

आता मी सगळ्यांना आधी मराठीत बोलायला लावते, ते फोनवर रेकॉर्ड करायचं, ऐकून मराठीतच चार ओळी लिहायच्या, मग इंग्रजी. व्याकरणाचं लाल पेन सगळ्यात शेवटी. तुम्ही काय करता, किंवा तुमच्यासाठी कोणी काय केलं, सविस्तर लिहा.

रात्रपाळी
ताई, मी डिप्लोमा करून इंजिनीअरिंगला आलो, तिथून एमटेक. पहिल्या स्टेजच्या प्रेझेंटेशनला 24 स्लाइड, 15 मिनिटं, सगळं पाठ, आणि तोंड पूर्ण वेळ पडद्याकडे. एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेले परीक्षक) एवढंच विचारलं की उभ्या अक्षावर काय आहे. ग्राफ मीच काढलेला, हीट एक्स्चेंजरमधला प्रेशर ड्रॉप, पण शब्दच फुटेना, घशाला कोरड. गाईड त्यावर एक अक्षर बोलले नाहीत, फक्त "तयारी वाढव" म्हणाले, म्हणजे नक्की काय करायचं ते मला कळलंच नाही.

शिकवलं ते हॉस्टेलच्या पोरांनी. जेवणानंतर मेसच्या भिंतीवर प्रोजेक्टर, समोर बसलेले सगळे इलेक्ट्रिकलचे, म्हणजे माझ्या विषयातलं कोणाला काही माहीत नाही. नियम एकच होता, ग्राफ आला की आधी आडवं काय, उभं काय ते सांगायचं, मग एका बिंदूवर बोट ठेवून तो आकडा युनिटसकट वाचायचा, आणि मगच रेषा वर का गेली ते. महिनाभर रोज रात्री केलं. फायनलला 11 स्लाइड होत्या आणि मी लोकांकडे बघून बोललो. आज मी कंपनीत ज्युनिअर मुलांना हेच करायला लावतो.

नांदेड_ते_ओहायो
माझा अनुभव जरा वेगळा. अमेरिकेत पीएचडीला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून मुलांची लॅब घ्यायची होती. इंग्रजी वाचायला-लिहायला चांगलं होतं त्यामुळे बिनधास्त होते, पण मुलं नुसती एकमेकांकडे बघायची. युनिव्हर्सिटीत परदेशी टीएंसाठी स्पीकिंगचा वर्ग असतो, तिथल्या बाईंनी माझं रेकॉर्डिंग मलाच ऐकवलं. ॲक्सेंटपेक्षा मोठा प्रॉब्लेम म्हणजे शब्दातला जोर. आपण 'पॅरा-मीटर' म्हणतो, त्यांना 'परॅमिटर' ऐकायची सवय. आणि स्पीड! त्यांनी प्रत्येक समीकरणानंतर पाण्याचा एक घोट घ्यायला सांगितलं, म्हणजे आपोआप थांबायला होतं. बाटली अजून नेते. कोणी ॲक्सेंट बदला म्हणालं तर ऐकू नका, आपला तसाच राहू द्या, फक्त जोर आणि विराम सांभाळा.

भाषेची_बाई
मी इंजिनीअरिंग कॉलेजात इंग्रजी शिकवते. कम्युनिकेशन स्किल्सचं लॅब पहिल्या वर्षाच्या मुलांना, आणि ज्यांना थीसिस लिहायचाय त्या एमटेकवाल्यांना काहीच नाही, हे मला कायम खटकतं. त्यातून मग कॉपी होते. 2018 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यामुळे मुलांचं सगळं लक्ष त्या आकड्यावर, मग वाक्य उचलायचं आणि शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायचं. एका मुलीच्या रिपोर्टमध्ये 'सिग्नल टू नॉइज'चं 'फ्लॅग टू क्लॅमर' झालेलं. मी रागावले नाही, शेजारी बसवलं, मूळ पेपर बंद करायला लावला आणि म्हटलं, आता तुझ्या शब्दांत सांग, मी टाईप करते. पहिला परिच्छेद व्हायला पाऊण तास लागला. दुसरा तिने स्वतः टाईप केला.

पोस्टडॉक_हैदराबाद
ताई, मराठीचा मार्ग मस्तच आहे पण माझ्या लॅबमध्ये एक मुलगा बिहारचा, एक केरळची, एक बंगाली. आम्ही आधी फक्त आकृत्या प्रिंट करून भिंतीवर चिकटवतो, क्रम बदलत राहतो, गोष्ट जुळली की प्रत्येकीखाली एक पूर्ण वाक्य. मग मेथड्स, मग रिझल्ट्स, इंट्रोडक्शन शेवटी. 'नाऊ अ डेज' तिथेच गळून पडतं.

बोलण्यासाठी थ्री मिनिट थीसिस करून घेतो. एकच स्लाइड, तीन मिनिटं. ही स्पर्धा 2008 साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात सुरू झाली, तेव्हा तिकडे दुष्काळ होता आणि पाणी वाचवायला लोक बाथरूममध्ये तीन मिनिटांचं टायमर लावून अंघोळ करायचे, त्यावरून ही कल्पना निघाली. मुलांना ही गोष्ट फार आवडते. लिखाणासाठी पीएचडीवाल्यांनी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची 2018 ची 'अवसर' योजना जरूर बघा, त्यात आपलं संशोधन सामान्य वाचकाला समजेल असं लिहायचं असतं. माझ्या ज्युनिअरने तसा लेख लिहिला, बक्षीस नाही मिळालं, पण त्यातले दोन परिच्छेद जवळपास तसेच थीसिसच्या इंट्रोडक्शनमध्ये गेले.

धागाकर्ती
@रात्रपाळी, तुमचं वाचून पोटात कालवलं, कारण "तयारी वाढव" मीही कितीतरी मुलांना म्हटलंय. @पोस्टडॉक, भिंतीची आयडिया उचलली, आजच सात ग्राफ प्रिंट केले. 90 दिवसांचा तक्ता त्याने स्वतःहून सगळ्यात आधी लावला. मंगळवारी त्याचा सेमिनार आहे, पाण्याची बाटली देऊन पाठवते. कसं झालं ते इथेच लिहीन, तोवर बाकीच्यांनी लिहा.