गोठ्यातला अलार्म मे महिन्यात वाजतो, जुलैत गप्प. सेन्सर बिघडलंय का?

हिंगण्याचा गोठा:
आमच्याकडे संकरित गायी अन् दोन नागपुरी म्हशी. पोरानं गोठ्यात तापमान-आर्द्रतेचं सेन्सर बसवलं, आकडे मोबाइलवर येतात. अलार्म ४० अंशांवर आहे. मेअखेरच्या नवतप्यात सारखा वाजायचा, फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) सुरू केला की जनावरं निवायची. आता पारा ३१च्या वर जात नाही, तरी गायी धापा टाकतात, कुटाराला तोंड लावत नाहीत, दूध तुटलं. फॉगर लावला तर जास्तच कासावीस होतात.

गुरांची डॉक्टर:
भाऊ, सेन्सर ठीक आहे. अलार्म नुसत्या तापमानावर ठेवू नका, टीएचआयवर ठेवा, म्हणजे तापमान अन् आर्द्रता मिळून काढलेल्या आकड्यावर. पोराला हे सूत्र टाकायला सांगा:
(१.८ × तापमान + ३२) − (०.५५ − ०.००५५ × आर्द्रता) × (१.८ × तापमान − २६)

४३ अंश अन् २० टक्के आर्द्रतेला उत्तर येतं ८७. ३१ अंश अन् ८५ टक्क्यांना ८५! गाईसाठी दोन्ही दिवस जवळपास सारखेच. ७२ ओलांडले की दुभत्या गाईला ताण सुरू होतो असं धरतात, जास्त दुधाच्या गाईला त्याही आधी.

मेमधली कोरडी हवा फॉगरचं पाणी पिऊन गार होते. आता हवाच ओली, तिथं फॉगर फक्त दमटपणा वाढवतो. तो बंदच करा. पाठीवर पाणी पडू द्या, कातडी चिंब झाली की पाणी थांबवून जोराचा पंखा. रात्रीचे आकडे जरूर बघा. २६ अंश, ९२ टक्के म्हणजे ७८. बिचारीला रात्रीही उसंत नाही.

कोड-कास्तकार:
सेन्सर टिनाला लटकवलं असेल तर खाली घ्या, गाईच्या पाठीच्या उंचीला, पाण्याच्या तुषारांपासून दूर. अन् या सूत्राला तापलेल्या टिनाची धग अन् वारा कळत नाही. त्यासाठी उन्हाळ्यात टिनावर तुराट्या टाकाच.

हिंगण्याचा गोठा:
ताई, आता हिशेब लावला, ८४ आले. फॉगर बंद केला. म्हशींचं काय?

गुरांची डॉक्टर:
काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी. त्यांना डुंबायला पाणी हवंच, नसेल तर दुपारी पाइपानं धुवा. गाय शांत उभी असताना तिची कूस किती वेळा हलते ते मिनिटभर मोजा. साठाच्या वर श्वास गेले तर अ‍ॅप काहीही म्हणो, लगेच पाणी अन् पंखा. धापा थांबल्या नाहीत तर जवळच्या पशुवैद्यकाला बोलवा, ताप वेगळ्या कारणानंही असू शकतो.