कोविडनंतर उरलेला त्रास : नाशिककरांनो, तुमचे दिवस कसे जातात ते लिहा

मला मार्च २०२१ मध्ये कोविड झाला. घरीच बरी झाले, ऑक्सिजनसुद्धा लागला नाही. ऑगस्टमध्ये बरं वाटतंय म्हणून नवऱ्याबरोबर पांडवलेणी चढून आले. त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हात वर धरवेना. मग चार दिवस अंथरूण. असं तीनदा झालं तेव्हा कळलं की दमणूक उशिरा येते, एक ते तीन दिवसांनी, म्हणून कशामुळे दमलो याचा मेळच लागत नाही. तेव्हापासून वही ठेवली आहे. डाव्या पानावर आज काय केलं, उजव्या पानावर दोन दिवसांनी कसं वाटलं.

कोविडनंतर उरणाऱ्या या त्रासाला लाँग कोविड म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली. लागण होऊन साधारण तीन महिने झाल्यावरही असणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. माझ्या डॉक्टरांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर सगळं तपासलं आणि मगच लाँग कोविड म्हटलं. खोकला रेंगाळला असेल तर टीबीची तपासणीही करून घ्या, कोविडवर ढकलू नका.

औषधांची नावं नकोत, ती ज्याची त्याच्या डॉक्टरांकडे. रोज काय करता, कशाने बिघडलं, कशाने सावरलं, तेवढं लिहा.

निफाडकडून, द्राक्ष बागायतदार

ताई, लिहायची सवय नाही, तरी लिहितो. मला मे महिन्यात झाला होता आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी आली. छाटणी, काड्यांना पेस्ट, मग घड बुडवायचं डिपिंग, मणी विरळायचं थिनिंग, एकामागे एक कामं येतात, बाग काही थांबत नाही. पहिल्याच आठवड्यात मजुरांबरोबर कात्री घेऊन दिवसभर उभा राहिलो आणि पुढचे दहा दिवस पडून. वडिलांनी खाट उचलून बांधावर आणून टाकली आणि माझ्या मोबाईलला वीस मिनिटांचा गजर लावून दिला. वाजला की कात्री खाली, दमलो असो नसो. मजुरांसमोर आडवं व्हायला फार लाज वाटायची. पण त्या खाटेमुळेच छाटणी पुरी झाली. फवारणी वर्षभर भावाने केली, कारण मास्क बांधून ट्रॅक्टरवर बसलं की जीव कोंडायचा. आता सकाळचे तीन तास माझे, बाकी दिवस बांधावरून सांगायचं.

पंचवटी, गृहिणी

माझं माहेर लासलगावचं, कांद्याच्या वासातच वाढले. कोविडमध्ये वास गेला आणि दोन महिन्यांनी आला तो उलटा होऊन. फोडणीत कांदा पडला की जळक्या रबराचा वास. लसूण, अंडं, कॉफी, सगळ्याचं तेच. नऊ किलो वजन गेलं. सासूबाईंनी एका शब्दाने विचारलं नाही, रोज माझ्यापुरतं दहीभात, काकडी, केळं असं थंड जेवण बाजूला ठेवायच्या. गरम अन्नाची वाफ नाकात गेली की वास जास्त जाणवतो, हे त्यांनी आधी ओळखलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी वासाचा सराव सांगितला. गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग. चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीस सेकंद. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये या सरावाचे निष्कर्ष मांडले होते, म्हणजे हे कोविडच्या कितीतरी आधीचं. डोळे मिटून नुसतं हुंगायचं नाही, लवंग हुंगताना लवंग आठवायची. निदान तीन महिने करा म्हणाले होते, मी सात महिने केलं. एका रविवारी मसालेभाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि लवंग आली. खरी लवंग. मी झाकण हातात धरून तशीच उभी राहिले.

कांदा अजून पुरता सुधारला नाही, उकडलेला चालतो, तळलेला नाही. आणि एक सांगायचंच आहे : वास येत नसेल तर गॅसची गळती कळत नाही. आमच्याकडे रात्री रेग्युलेटर बंद करून दुसरं माणूस पुन्हा बघून येतं.

अंबड, सीएनसी ऑपरेटर

उभं राहिलं की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९८, म्हणून सगळे म्हणायचे काही नाही तुला. खालच्या नाडीच्या आकड्याकडे कुणी बघितलंच नाही. एका डॉक्टरांनी शांत आडवं झोपवून नाडी घेतली, ७६. मग उभं केलं, दहा मिनिटांच्या आत ११८. तीस किंवा जास्त ठोके वाढले आणि त्रास टिकून असला तर पॉट्स, म्हणजे उभं राहिलं की नाडी फार वाढण्याचा विकार, असू शकतो म्हणाले. आणखी तपासण्या करून तेच निघालं. भरपूर पाणी, जरा जास्त मीठ, पायात घट्ट मोजे, उठण्याआधी पोटऱ्या आवळायच्या. बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये.

डोक्याचं सांगतो. माझं मशीन आकडे टाकून चालतं. टूल ऑफसेट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या मापाचा आकडा, टाकताना दशांश चिन्ह राहिलं आणि टूल जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, आदळलं. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आता आकडा आधी कागदावर लिहितो, मोठ्याने वाचतो, मग टाकतो. सुपरवायझरने मशीनजवळ स्टूल ठेवू दिलं, त्याचे उपकार आहेत.

कॉलेज रोड

तिसऱ्या महिन्यात मूठमूठ केस गेले. तेलांवर बराच खर्च केला. सहा-सात महिन्यांत आपोआप थांबलं. कुणी घाबरलं असेल म्हणून लिहिलं.

सातपूर

त्रास नवऱ्याला आहे, लिहिते मी. रिपोर्ट सगळे नॉर्मल, दिसायलाही ठणठणीत, म्हणून घरातच कुणाचा विश्वास नाही. सासरे म्हणतात, सकाळी उठून पळायला जा, अंग मोकळं होईल. एकदा ते ऐकून हे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर गेले, पुढचा आठवडा अंथरुणात गेला. ताई, तुमची वही कशी आखलीत ते सांगाल का? सासऱ्यांना दाखवायची आहे.

उत्तर

साधी शंभर पानी वही पुरते. वेळ आणि काम लिहा, अगदी अंघोळ आणि फोनवरचं बोलणंसुद्धा, कारण त्यानेही दमायला होतं. तीन आठवडे झाले की सासऱ्यांनाच वाचायला द्या, तुम्ही काही बोलू नका. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर मात्र वही बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा.

माझ्या आजच्या डाव्या पानावर दोन तास वर्ग, एक बादली कपडे आणि हे उत्तर, दोन बैठकांत, एवढं आहे. उजवं पान परवा भरेन.