वेझलेला जावं का? (फ्रान्स) – ग्रुपवरची चर्चा

बी-५०४ : नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे पॅरिसला जातोय. एखादं जुनं खेडं बघायचंय. ती वेझले म्हणतेय. कुणी गेलंय का?

ए-२०२ : काकू, जाच! बर्गंडीत आहे. टेकडीवर चिमुकलं गाव, एक मोठी चढाची गल्ली, आणि ती संपते तिथे मेरी मॅग्डलिनचं भलंमोठं चर्च. १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

सी-१०१ : चर्च पॅरिसात कमी आहेत का? त्यासाठी एवढं लांब कशाला?

ए-२०२ : दादा, हे बाराव्या शतकातलं. कमानींचे दगड एक फिकट, एक गडद. आत गेल्यावर उजव्या हाताच्या खांबांकडे मान वर करून बघा. एका खांबाच्या माथ्यावर बायबलमधला मोझेस जात्यात धान्य ओततोय आणि खाली येशूचा प्रचारक पॉल पीठ पोत्यात धरतोय. बायबलच्या जुन्या कराराचं धान्य, नव्या कराराचं पीठ. अक्षरं न वाचणाऱ्यालाही कळावं असं कोरलंय! आणि काकू, जूनमध्येच जाताय तर २१ तारखेच्या आसपास जा. सूर्य डोक्यावर आला की खिडक्यांमधून येणारे कवडसे जमिनीवर बरोबर मधोमध एका ओळीत पडतात. तिथली घड्याळं उन्हाळ्यात पुढे असतात, म्हणून पावणेदोनच्या सुमारास आत थांबा.

सी-१०१ : हे भारी आहे. बांधणाऱ्यांची कमाल.

ए-२०२ : मधल्या काळात ते चर्च कोसळायलाच आलं होतं. १८४० मध्ये व्हियोले-ल-द्युक या २६ वर्षांच्या वास्तुविशारद पोराकडे दुरुस्ती सोपवली, त्यानं वाचवलं.

बी-३०१ : रोमां रोलां राहिले ते हेच गाव. नोबेल मिळालेले लेखक. गांधीजींचं, रामकृष्णांचं, विवेकानंदांचं चरित्र लिहून त्यांनी युरोपला आपली माणसं समजावली. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी त्यांना स्वित्झर्लंडमध्ये भेटले होते. १९३८ पासून रोलां वेझलेत होते, तिथेच १९४४ मध्ये गेले. घर अजून आहे, तिथे आता झेर्वोस संग्रहालय आहे. पिकासो, कांदिन्स्की यांची चित्रं बघायला मिळतील. पण माझ्यासारख्याला ते घर रोलांचंच. काकू, माझ्या वतीनं दारात दोन मिनिटं थांबाल ना?

बी-५०४ : थांबेन सर, नक्की. ह्यांच्या गुडघ्यांना चढ झेपेल का?

ए-२०२ : चढ आहे, पण सावकाश झेपेल. यात्रेकरू इथूनच स्पेनमधल्या सान्तियागोला चालत निघतात, आपल्या वारीसारखे. पूर्वी घरांखालच्या तळघरांत त्यांना मुक्कामाला जागा मिळायची. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून सेर्मिझेलपर्यंत गाडी आहे. पुढे दहाएक किलोमीटर, तेव्हा टॅक्सी आधीच सांगून ठेवा. आणि एका दिवसात परत येऊ नका. संध्याकाळी बसवाले पर्यटक गेले की गाव खरं दिसतं.

बी-५०४ : लेकीला आत्ताच फोन करते, २० आणि २१ च्या रात्रीची खोली बघ म्हणून.