कुटुंब नियोजनाचं प्रशिक्षण: हाताचं की तोंडाचं?

घाटवाट: 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत 2017 पासून मिळू लागलं. दर तीन महिन्यांनी एक. ते घेतल्यावर पाळी मागेपुढे होते, मध्येच अंगावरून जातं, कधी पाळी येतच नाही. औषधाचा गुणच तो. पण सुई टोचण्याआधी हे कुणी सांगत नाही, मग बाई घाबरते आणि दुसऱ्या डोसला फिरकत नाही. डॉक्टर-नर्सच्या प्रशिक्षणात निम्मा वेळ समुपदेशनाला द्या. मी पाहिलंय, ते सत्र जेवणानंतर पेंगत उरकतात.

लेबररूम: साफ असहमत. हात कच्चा असेल तर गोड बोलून काय करायचंय? बाळंतपणानंतरची तांबी वार पडल्यावर 10 मिनिटांत, नाहीतर 48 तासांच्या आत बसवतात. एक हात पोटावर, गर्भाशय धरून. चिमटा वरच्या टोकाला टेकल्याचं त्या हाताला कळलं पाहिजे. मग तांबी सोडायची, चिमटा बाजूला घ्यायचा, किंचित उघडाच ठेवून काढायचा. मिटलात तर तांबी बरोबर बाहेर! आधी मॉडेलवर, मग सीनियरसमोर पेशंटवर, असं केल्याशिवाय हे जमत नाही. बोलायला आशाताई आहेतच.

घाटवाट: आणि संमती? कळा सुरू असताना "तांबी बसवू ना?" विचारलं तर बाई कशालाही हो म्हणेल. हे गरोदरपणाच्या तपासणीतच बोलायला हवं, नवऱ्याला-सासूला बाहेर बसवून. तेवढं धाडस सिस्टरला कोण शिकवतं?

तिसरा_बाक: दोघांचंही बायकांवरच चाललंय. एनएफएचएस-5 मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2019-21) स्त्री नसबंदी 37.9 टक्के, पुरुष नसबंदी 0.3. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी शिकलेल्या डॉक्टरला केसच मिळाली नाही तर हात राहील कसा?

लेबररूम: हे मान्य. पण पुरुष यावेत म्हणून गावात बोलणारे वेगळे लागतात, डॉक्टरला त्यात कशाला जुंपता?

घाटवाट: छत्तीसगडमधलं बिलासपूर विसरलात? 2014 मध्ये एका स्त्री नसबंदी शिबिरात काही तासांत 83 शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर बायका दगावल्या. सर्जनचा हात कच्चा नव्हता, हजारो शस्त्रक्रियांसाठी सरकारनंच त्याचा सत्कार केला होता.

लेबररूम: त्याला टार्गेट म्हणतात, प्रशिक्षण नव्हे. आणि दर पेशंटला निर्जंतुक उपकरण घेणं, हातमोजे बदलणं ही हाताचीच शिस्त. तुमच्या समुपदेशनाच्या सत्रात ती कुठे बसते, तेवढं सांगा.