चित्रकादंबरी: वाचायची की बघायची?

प्रश्न

माझे वडील पाटबंधारे खात्यात आरेखक होते. आता ते ७४ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी मी घरी आणलेले ‘भीमायन’ (२०११) त्यांनी हाती घेतले ते केवळ त्यातील रेघा पाहण्यासाठी. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड शैलीत चितारलेल्या या आंबेडकर-चरित्रात नेहमीच्या काटकोनी चौकटी नाहीत. शिवाय अपमान करणाऱ्यांचे शब्द विंचवाच्या नांगीसारखे शेपूट असलेल्या फुग्यांत, तर तो सोसणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यांत लिहिलेले आहेत. ही योजना माझ्या लक्षात आलीच नव्हती. वडिलांनी ती दुसऱ्या खेपेस हेरली आणि मला हाक मारून दाखवली. त्यानंतर त्यांनी ‘पर्सेपोलिस’ चार दिवसांत संपवले, आणि ‘माउस’ हे पुस्तक ते सध्या भिंग घेऊन दुसऱ्यांदा वाचत आहेत.

अडचण नावाची आहे. या वयात कॉमिक्स कसली वाचता, असे नातेवाईक विचारतात, तेव्हा त्यांना नेमका शब्द सापडत नाही. ‘चित्रकथा’ म्हटले की १९६७ साली सुरू झालेली ‘अमर चित्रकथा’ डोळ्यांपुढे येते. ‘ग्राफिक कादंबरी’ हा जोडशब्द त्यांना अर्धवट भाषांतरासारखा वाटतो. दुसरी शंका क्रियापदाची आहे. आरंभी ते स्वतः ‘मी ते पुस्तक बघतोय’ असे म्हणत. गेले वर्षभर ‘वाचतोय’ असे म्हणतात. यांपैकी शुद्ध प्रयोग कोणता मानावा?

प्रतिसाद

‘चित्रकादंबरी’ हा शब्द निःशंकपणे वापरावा. मात्र त्याऐवजी ‘सचित्र कादंबरी’ म्हणू नये. ‘सचित्र’ हा सहबहुव्रीही समास असून चित्रे सोबत आहेत, एवढेच तो सांगतो. ती काढून टाकली तरी कादंबरी शिल्लक राहते. ‘चित्रकादंबरी’ हा मध्यमपदलोपी समास आहे: चित्रांतून सांगितलेली कादंबरी. शाळेच्या व्याकरणात या समासाची उदाहरणे म्हणून कांदेपोहे आणि पुरणपोळी शेजारी शेजारी दिलेली असतात, परंतु त्या दोहोंत मला नेहमीच फरक जाणवत आला आहे. कांदा नसला तरी पोहे होतात. पुरण काढले तर उरते ती नुसती पोळी. चित्रकादंबरी पुरणपोळीच्या जातीची आहे.

प्रतिसाद

समास मान्य आहे. आक्षेप ‘कादंबरी’ या पदाला आहे. प्रश्नकर्त्याच्या वडिलांनी वाचलेल्या तीन पुस्तकांपैकी एकही कल्पित नाही. ‘भीमायन’ हे चरित्र आहे आणि ‘पर्सेपोलिस’ ही मार्जान सत्रापी यांच्या इराणमधील बालपणापासूनची आत्मकथा आहे. ‘माउस’मध्ये आर्ट स्पीगेलमन यांनी आपल्या वडिलांच्या छळछावणीतील आठवणी सांगितल्या असून त्यात ज्यू उंदरांच्या आणि नाझी मांजरांच्या रूपात येतात. १९९१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खपाच्या यादीत त्याचा दुसरा खंड कल्पित साहित्यात घातला, तेव्हा स्पीगेलमन यांनी हरकत घेतली आणि पुस्तकाची नोंद बदलावी लागली. मराठीत तर ही गफलत अधिकच ठळक होईल, म्हणून मी ‘चित्रचरित्र’ आणि ‘चित्रात्मकथा’ असे वेगळे शब्द सुचवतो.

प्रतिसाद

‘कादंबरी’ या शब्दाच्या अर्थाला इतके घट्ट धरण्याचे कारण नाही. मुळात ते बाणभट्टाच्या नायिकेचे विशेषनाम आहे. मराठीने आणि कन्नडने ते अख्ख्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले, तर गुजरातीने ‘नवलकथा’ पसंत केली. जो शब्द एकदा एवढा पसरला, तो आणखी थोडा पसरू शकेल. विल आयस्नर यांच्या १९७८ मधील ज्या पुस्तकामुळे ‘ग्राफिक नॉव्हेल’ ही संज्ञा रूढ झाली, तेही वस्तुतः चार कथांचे पुस्तक आहे. म्हणजे इंग्रजीतसुद्धा हे नाव पहिल्यापासून सैलच होते.

आता क्रियापदाविषयी. संस्कृतातील ‘लिख्’ या धातूत ओरखडणे, लिहिणे आणि चितारणे हे तिन्ही अर्थ आहेत. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र, आणि उषेला स्वप्नातला अनिरुद्ध ओळखता यावा म्हणून राजपुत्रांची चित्रे काढणाऱ्या सखीचे नाव चित्रलेखा. जे लिहिले जाते ते वाचले जावे, यात वावगे काय? कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कथा सांगताना जी सुटी रंगवलेली पाने एकामागून एक पुढे धरतात, त्यांच्या संचालाही ‘पोथी’च म्हणतात. शिवाय पहिलीच्या वर्गात ‘चित्रवाचन’ असतेच. ते अक्षरओळखीबरोबर संपते असे आपण उगाच गृहीत धरले आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

ही चर्चा मी वडिलांना वाचून दाखवली. पुरणपोळीवर ते मनापासून हसले, ‘चित्रात्मकथा’ त्यांना उच्चारायला जड वाटली आणि ‘चित्रकादंबरी’ त्यांनी तूर्त मान्य केली. क्रियापदावर मात्र त्यांना चर्चेची गरजच वाटली नाही. धरणाच्या भिंतीचा छेद समोर आला की त्यांच्या कचेरीत साहेबांपासून ट्रेसरपर्यंत सारे जण ‘ड्रॉइंग वाचले का?’ असेच विचारीत. ‘बघितले’ म्हणणाऱ्याला पुन्हा जागेवर पाठवले जाई.