लिनक्सवर सेट-टॉप बॉक्ससाठी यूएसबी कॅप्चर: एचडीएमआयवालीच घ्यावी का?

फ्रेमगणित: माझं मत ठाम आहे. बॉक्सवरचा टीव्ही लिनक्सवर आणायचा तर यूव्हीसी (यूएसबी व्हिडिओ उपकरणांचं ठरलेलं मानक) वर्गातली एचडीएमआय कॅप्चर काडीच घ्या. वेबकॅम चालवणारा तोच यूव्हीसीव्हिडिओ ड्रायव्हर तिला पुरतो आणि तो २००८ पासून कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या ईझीकॅपवर (अ‍ॅनालॉग कॅप्चर काडीवर) आता पैसे का घालायचे?

पिवळीपिन: कारण एचडीसीपी, म्हणजे एचडीएमआयवरचं कॉपीसंरक्षण. बरेच बॉक्स एचडीएमआयवर कूटबद्ध सिग्नल सोडतात. काडीकडे चावी नसली की काळा पडदा. त्याच बॉक्सच्या एव्ही आउटवर पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीचं ७२०×५७६ चित्र मुकाट मिळतं. फक्त ‘ईझीकॅप’ या नावावर जाऊ नका, एकाच वेष्टनात निरनिराळ्या चिपा येतात. एलएसयूएसबी ही आज्ञा चालवून आयडी बघा. ०५ई१:०४०८ म्हणजे एसटीके११६०, १बी७१:३००२ म्हणजे यूटीव्ही००७. दोन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत. १सी८८:०००७ दिसलं तर ती सोमॅजिक, सरळ परत करा. तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही.

फ्रेमगणित: ५७६ रेषा, त्याही इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक अशा दोन खेपांत येणाऱ्या! बातम्यांची पट्टी सरकताना अक्षरांना कंगव्याचे दात फुटतात.

पिवळीपिन: ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) सोर्सवर उजवी क्लिक, डीइंटरलेसिंग, याडिफ २एक्स. हालचाल थरथरली तर फील्डचा (त्या दोन खेपांचा) क्रम उलटा करा. आणि तुमच्या स्वस्त एमएस२१०९ चिपवाल्या काडीच्या खोक्यावर १०८०पी छापलेलं असतं, पण ती यूएसबी २.०ची. कच्च्या, न दाबलेल्या वाययूवायव्ही फॉरमॅटमध्ये सेकंदाला ५ फ्रेम देते.

कर्नलपंथी: गंमत म्हणजे दोघांचं गणित एकच येतं. १९२०×१०८०×२×५ काय किंवा ७२०×५७६×२×२५ काय, (रुंदी × उंची × दर पिक्सेलला २ बाइट × फ्रेम) सेकंदाला सुमारे २०.७ एमबी. यूएसबी २.०वर आयसोक्रोनस (ठरावीक वेगाने अखंड चालणाऱ्या) धारेची कमाल २४ एमबीच्या आसपास. म्हणून एमएस२१०९ला प्रत्येक फ्रेम दाबून पाठवणारं एमजेपीईजीच मागावं लागतं. एफएफएमपेग या रेकॉर्डिंगच्या आज्ञेत इनपुट फॉरमॅट एमजेपीईजी द्या, ३० फ्रेम मिळतील. कर्नल २०२०च्या आधीचा असेल तर आवाजही बिघडतो: ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला ती काडी ९६ किलोहर्ट्झ मोनो म्हणवते. नव्या कर्नलमध्ये त्यावर तोडगा आहे.

अँटेनावाला: मुळात कॅप्चर कशाला? दूरदर्शनचं भूप्रक्षेपण पकडता येत असेल तर डीव्हीबी-टी२ (डिजिटल भूप्रक्षेपणाचं मानक) ट्यूनर घ्या. टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर मूळ धारा आहे तशी साठवतं, पुन्हा एन्कोडिंग नाही. नुसती आरटीएल२८३२यू चिप असलेली काडी मात्र नको, ती फक्त जुनं डीव्हीबी-टी वाचते. एसआय२१६८ डिमॉड्युलेटर (सिग्नल उलगडणारी चिप) असलेली बघा. तिची फर्मवेअर फाइल /लिब/फर्मवेअर फोल्डरमध्ये वेगळी टाकावी लागते.

फ्रेमगणित: केबलवरच्या मराठी वाहिन्या अँटेनावर येणार आहेत का? एचडीसीपीचा मुद्दा मान्य, पण ज्या बॉक्सवर तो आडवा येत नाही तिथे मी एचडीएमआयच घेईन.

पिवळीपिन: घ्या, पण आधी त्याच बॉक्सवर लावून बघा आणि चालू वाहिनी तपासा. नुसता मेन्यू दिसला म्हणून खूश होऊ नका.

कर्नलपंथी: आणि दोन काड्या एकाच हबवर लावू नका. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश आला की लोक डिस्क रिकामी करत बसतात. संपलेली असते ती यूएसबीची बँडविड्थ. दुसरी काडी वेगळ्या कंट्रोलरच्या पोर्टवर लावा. कोणतं पोर्ट कुठल्या कंट्रोलरवर आहे, ते एलएसयूएसबी -टी दाखवतं.