केमोथेरपीत तोंडाची चव बदलली आहे आणि थंड पदार्थही चालत नाहीत : सासूबाईंच्या आहारासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांना ऑक्सॅलिप्लॅटिन आणि फ्लुरोयुरासिल या औषधांची केमोथेरपी सुरू आहे. दर दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे १२ सायकल, म्हणजे औषधाच्या फेऱ्या, ठरल्या असून त्यांपैकी ६ पूर्ण झाल्या आहेत. रक्ताचे अहवाल डॉक्टरांना समाधानकारक वाटतात, पण शस्त्रक्रियेआधी ५८ किलो असलेले वजन साडेचार महिन्यांत ५३.५ किलोवर आले आहे आणि उरलेल्या ६ सायकल त्या कशा पेलतील, या विचाराने आम्ही धास्तावलो आहोत.

मुळात त्यांना चव लागत नाही हेच आम्हाला फार उशिरा कळले. आईंनी कुणाच्या हातच्या स्वयंपाकाला आजवर कधी नाव ठेवलेले नाही. पहिल्या तीन सायकलपर्यंत त्या प्रत्येक जेवणाला ‘छान झालं आहे, पण पोट भरलं’ एवढेच म्हणत आणि अर्धे ताट झाकून ठेवत. मी ते खरे मानून भूक कमी झाली असावी असे समजत राहिले. पुढे एके दिवशी त्या माझ्या नणंदेला फोनवर सांगत होत्या की पाणीसुद्धा गंजलेले लोखंड चाटल्यासारखे लागते, चहा कडू जहर होतो आणि घास तोंडात नुसता घोळत राहतो. ‘तिला सांगू नकोस, ती इतकी राबते, तिला वाईट वाटेल,’ असेही त्या पुढे म्हणाल्या. ते ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही, कारण तोपर्यंतचे दोन महिने मी त्यांना न लागणाऱ्या चवीचे अन्न आग्रहाने वाढत होते.

असे का होते हे आहारतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले. जिभेवरच्या रुचिकलिकांमधील बऱ्याचशा पेशी साधारण १० दिवस ते २ आठवड्यांत मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालणे हेच या औषधांचे काम असल्यामुळे कर्करोगाच्या पेशींबरोबर या पेशीही सापडतात. त्यातच आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग प्रत्यक्षात वास असतो आणि तोही बदलतो. म्हणून फोडणीच्या वासाने आई खोलीचे दार लावून घेतात.

आता मुख्य अडचण सांगते. चव आणि वास बिघडला की सगळीकडे एकच सल्ला मिळतो : गरम अन्नाची वाफ वास घेऊन वर येते, म्हणून पदार्थ थंड करून द्या. तो सल्ला योग्यच असेल, पण ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्या माणसाला थंडी सोसत नाही. औषध दिल्यानंतरचे काही दिवस गार घोट घेतला तरी आईंच्या घशात आवळल्यासारखे होते आणि फ्रिजमधली बाटली हातात धरली तरी बोटांना मुंग्या येतात. गरम अन्नाचा वास नको आणि थंड अन्न चालत नाही, अशा कात्रीत आम्ही अडकलो आहोत. राहता राहिले ते खोलीच्या तापमानाचे अन्न. पण रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवायचे नाही अशी सक्त सूचना आहे, त्यामुळे एकदाच करून दिवसभर थोडे थोडे देणेही जमत नाही. सध्या मी दिवसातून पाच-सहा वेळा वाटीभरच ताजे शिजवते आणि निववून देते. नोकरी सांभाळून हे रोज होत नाही.

आहारतज्ज्ञांनी दिलेले उद्दिष्ट असे आहे : वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला किमान १ ग्रॅम आणि शक्य झाल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिने, तसेच २५ ते ३० किलोकॅलरी. आईंच्या बाबतीत हा हिशोब साधारण ५५ ते ८० ग्रॅम प्रथिने आणि १३५० ते १६०० किलोकॅलरी असा होतो. मी आठवडाभर वहीत नोंद ठेवली, तेव्हा औषधानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत प्रथिने ३० ग्रॅमच्या पुढे गेलेली दिसली नाहीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, पण उकडलेल्या अंड्याचा वास त्यांना असह्य होतो. मटण पूर्वी आवडीने खात, ते आता कडू लागते. डाळी चालतात, मात्र फार घट्ट नकोत. दुधात दुधाची पावडर मिसळून देते, त्याने प्रथिने वाढतात, पण गोड चव त्यांना एकदम अंगावर येते, म्हणून साखर पूर्ण बंद केली आहे.

धातूच्या चवीवर केलेल्या उपायांपैकी स्टीलचा चमचा आणि भांडी बदलून लाकडी चमचा व काचेचे भांडे वापरल्याने थोडा फरक पडला. जेवणापूर्वी एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा मिसळून चुळा भरल्याने पहिले काही घास बरे जातात. लिंबाचा उपयोग होत होता, परंतु चौथ्या सायकलनंतर तोंड आले आणि आंबट झोंबू लागले.

नातेवाईकांकडून साखर, दूध, मीठ, धान्य यांपैकी प्रत्येक गोष्ट सोडण्याचा सल्ला आला आहे. साखर बंद केली की कर्करोगाची उपासमार होते, असे कुणी ठामपणे सांगितले. मी डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले की शरीर इतर अन्नापासूनही ग्लुकोज तयार करते, त्यामुळे अशा पथ्याने उपासमार झालीच तर ती रुग्णाची होते. त्यामुळे कृपया पथ्ये वाढवणारे उपाय सुचवू नयेत अशी विनंती करते. काढे आणि पूरक गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत असे आम्ही ठरवले आहे.

ज्यांनी हेच औषध घेतले आहे किंवा घरात कुणाला दिलेले पाहिले आहे, त्यांच्याकडून मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. थंडी न सोसणाऱ्या त्या दिवसांत प्रथिने कशातून दिलीत? पाणीच धातूसारखे लागत असेल तर पोटात द्रव कसा जाईल? आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत अवघड वाटते : जी व्यक्ती समोरच्याचे मन राखण्यासाठी ‘छान आहे’ म्हणते, तिच्याकडून खरे उत्तर कसे काढून घ्यावे?

प्रतिसाद

ताई, मी हेच औषध घेतले आहे आणि उपचार संपून आता दीड वर्ष होत आले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझी पत्नी ‘कसं झालं आहे?’ असे विचारायची तेव्हा तो प्रश्न मला तिच्या कष्टांविषयीचा वाटायचा आणि मी चांगलेच उत्तर द्यायचो. नंतर एका परिचारिकेने तिला सांगितले की ‘आज तोंडात काय लागतं आहे?’ असे विचारा. त्याचे उत्तर देताना मला कुणाचे मन मोडायचे नव्हते. धातू, कागद, साबण, खारट, काहीच नाही, असे शब्द आम्ही एका कागदावर लिहून ठेवले होते आणि मी नुसते बोट ठेवायचो. चव दर दिवशी बदलते, म्हणून कालचे उत्तर आज गृहीत धरू नका.

त्यांचा आवडता पदार्थ सलाईनच्या दिवशी आणि आदल्या दिवशी मुळीच करू नका. मळमळीच्या वेळी जे खाल्लेले असते त्याविषयी मेंदू नावड धरून बसू शकतो. इलीन बर्नस्टाइन या संशोधिकेने १९७८ साली केमोथेरपी घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे दाखवून दिले होते. औषधापूर्वी अनोळखी स्वादाचे आइस्क्रीम खाल्लेली मुले पुढे ते टाळू लागली. १९८७ च्या दुसऱ्या अभ्यासात जेवण आणि औषध यांच्या मध्ये एक वेगळ्याच स्वादाची गोळी चघळायला दिली, तेव्हा नावड बऱ्याच अंशी त्या गोळीवर गेली आणि जेवण वाचले. मीही त्या दिवशी एरवी कधी न खाल्लेली पेपरमिंटची गोळी चघळत असे. आज ती गोळी मला समोरही नको वाटते, पण घरचे जेवण मात्र पूर्वीसारखेच आवडते.

प्रथिनांसाठी मला कोमट पातळ पदार्थ झाकणाच्या पेल्यातून नळीने घेणे सर्वांत सोपे गेले, कारण झाकणामुळे वास नाकापर्यंत पोहोचत नाही. डाळीचे गाळलेले सूप, त्यात चव नसलेली प्रथिनांची पावडर, असे दोन पेले दिवसभरात जायचे. पावडर कोणती घ्यायची हे तुमच्या आहारतज्ज्ञांनाच विचारा. अंडे उकडण्याऐवजी फेटून सूपमध्ये पूर्ण शिजवले तर वास पुष्कळ कमी होतो. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मात्र नको. थंडीचा त्रास साधारणपणे काही दिवसांत ओसरतो, पण सायकल वाढत जातात तसा तो जास्त दिवस रेंगाळू शकतो, म्हणून पहिल्या आठवड्यात जेवढे जाईल तेवढ्यावर समाधान मानावे आणि भरपाई दुसऱ्या आठवड्यात करावी. माझे वजन असेच टिकले. तोंड येऊ नये म्हणून औषध चालू असताना बर्फ चघळण्याचा सल्ला तुम्हाला कुणी देईल. तो फ्लुरोयुरासिलसाठी दिला जातो, पण ऑक्सॅलिप्लॅटिन सोबत असताना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तो करू नका.

आणखी एक गोष्ट आवर्जून पाहा. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरा थर दिसतो का? बुरशीच्या संसर्गानेही चव बिघडते आणि त्यावर औषध आहे. माझे तीन आठवडे केवळ कुणी तोंड उघडून न पाहिल्यामुळे वाया गेले. मळमळीच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते आणि पोट जड असले की भूक लागत नाही, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. वजन जवळजवळ ८ टक्के उतरले आहे, तेव्हा पुढच्या सायकलची वाट न पाहता कळवा.

चव परत येते. माझी शेवटच्या सायकलनंतर दोन महिन्यांनी आली, आधी खारट आणि मग गोड.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, तुमचे मनापासून आभार. आज सकाळी टॉर्च घेऊन आईंचे तोंड पाहिले. गालांच्या आत दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके आहेत. फोटो रुग्णालयात पाठवला असून उद्या दुपारची वेळ मिळाली आहे, वजनाचेही तेव्हाच सांगेन.

तुम्ही सुचवलेला प्रश्न दुपारी विचारून पाहिला. आई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं गं, पण डाळीत मिठाची चव थोडी कळते.’ संध्याकाळी डाळ थोडी अधिक पातळ करून, गाळून, झाकणाच्या पेल्यातून दिली आणि त्यांनी पेला रिकामा केला. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे मीठ कितपत वाढवता येईल हे उद्या विचारणार आहे. पाण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. काकडीच्या चकत्या किंवा पुदिन्याची पाने नीट धुऊन पाण्यात टाकल्याने धातूची चव कुणाला कमी जाणवली असल्यास जरूर लिहावे.